माळ्यावाचून बाग

'उद्यान' या संस्कृत शब्दात बाहेर पडण्याचा अर्थ आहे. घरातून निघून मनुष्य जेथे फिरावयास जातो ते उद्यान. 'वाटिका' या शब्दात मात्र कुंपणाचा अर्थ आहे, आणि आपली 'वाडी' ही त्या वाटिकेचीच लेक. प्राचीन इराणी भाषेत भिंतीने वेढलेल्या जागेस जो शब्द होता, तो ग्रीकांनी 'पारादैसोस' असा उचलला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी तो एदेन बागेसाठी योजला आणि तेथून तो युरोपच्या भाषांत स्वर्गवाचक झाला. म्हणजे आपल्या आजोबांनी ज्या जमिनीस साधेपणाने 'वाडी' म्हटले आणि ख्रिस्ती जगाने ज्या स्थळास 'पॅरडाइज' म्हटले, त्या दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच चित्र उभे आहे: कुंपण घालून राखलेली जमीन. 'बाग' हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला.

शब्दांची ही कुळकथा सांगण्यास कारण आहे. उद्यानरचना ही एक कला आहे हे सर्वांस मान्य असते. पण चित्र पाहून आपण रंगरेषांची चर्चा करतो, काव्य वाचून त्यातील गुणदोष मांडतो, बाग पाहून मात्र 'छान आहे' एवढे म्हणून पुढे जातो. बागेचा कस कोणत्या दगडावर लावावयाचा? आम्हांस वाटते की कसोटी एकच आहे. कुंपण कोणी घातले आणि आत कोण राबतो, हे ज्या बागेत दिसते ती बाग जिवंत. ज्या बागेत माळी दिसत नाही ती केवळ सजावट. बागेविषयीच्या काव्यास आणि चित्रांसही हीच कसोटी लागू पडते, आणि आज आपल्या धर्मग्रामांच्या अंगणांसही ती लावण्याची वेळ आली आहे.

ही कसोटी आमची नवी नव्हे. ग्रीक लेखक झेनोफन याच्या गृहव्यवस्थेवरील संवादात एक प्रसंग येतो. स्पार्टाचा सेनापती लायसँडर हा इराणी राजपुत्र धाकटा सायरस याच्या सार्दिस येथील उद्यानात जातो. सरळ रांगांत लावलेली झाडे, चालताना सोबत येणारे सुगंध पाहून तो थक्क होतो आणि ज्याने हे आखले त्याचे कौतुक करतो. सायरस सांगतो, ही आखणी माझी आहे, आणि यांतील काही झाडे मी स्वतःच्या हातांनी लावली आहेत. लायसँडर त्याच्या उंची वस्त्रांकडे व दागिन्यांकडे पाहतो. त्यास ते खरे वाटत नाही. तेव्हा राजपुत्र शपथेवर सांगतो की युद्धाच्या अथवा शेतीच्या कामात घाम गाळल्यावाचून मी जेवावयास बसत नाही. येशूजन्मापूर्वी चार शतके लिहिलेल्या या प्रसंगात बागेचे मोल राजाच्या वैभवावरून ठरत नाही, त्याच्या घामावरून ठरते.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर स्वतः बाग लावतो आणि मग मनुष्यास तेथे ठेवतो, तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. 'मशागत' या अर्थी मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे, तेच अन्यत्र सेवेसाठी आणि परमेश्वराच्या उपासनेसाठीही वापरले जाते. कष्ट हे पापाचे फळ, असे आपण सहज बोलून जातो. पण शास्त्राच्या क्रमानुसार कुदळ आधी आहे, पतन नंतर. घामाचे दुःख पतनातून आले, काम नव्हे. एदेन ही आरामाची जागा होती अशी आपली कल्पना असेल, तर ती शास्त्रातून आलेली नाही, पुष्कळ अंशी चित्रांतून आलेली आहे.

या परंपरेचा सर्वांत चांगला वाचक आम्हांस नवव्या शतकातील एका मठात भेटतो. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात असे सांगितले आहे की शक्यतो पाणी, जाते आणि बाग मठाच्या आवारातच असावी. त्या शिकवणीचे चित्र सेंट गालच्या प्रसिद्ध नकाशात दिसते. चर्मपत्रावर रेखलेल्या या आदर्श मठात भाजीचे अठरा वाफे आहेत, रुग्णालयाजवळ औषधी वनस्पतींचे सोळा वाफे आहेत, माळ्याचे स्वतंत्र घर आहे आणि मठवासीयांची दफनभूमी हीच फळबाग आहे. कबरींच्या मधोमध फळझाडे! पुनरुत्थानावरील एखाद्या प्रवचनाचे काम येथे नकाशाच्या रेषांनी केले आहे. तो नकाशा जसाच्या तसा बांधला गेला नाही, पण तो ज्या राइखनाऊ बेटावर तयार झाला, तेथील एका मठाधिपतीने पुढे बागेवर काव्य लिहिले. त्याचे नाव वालाफ्रीड स्त्राबो. ते ८४९ साली वारले. 'होर्तुलुस', म्हणजे छोटी बाग, या नावाने ओळखले जाणारे हे लॅटिन काव्य ४४४ ओळींचे आहे.

या काव्याचा आरंभ कशाने होतो ते पाहण्याजोगे आहे. लिलीने नव्हे, गुलाबानेही नव्हे, खाजऱ्या रानवनस्पतींनी. हिवाळा संपतो, कवी आपल्या दारासमोरच्या तुकड्याकडे पाहतो, तो तेथे अंगाची आग करणाऱ्या तणांचे राज्य माजलेले. जमिनीखाली त्यांच्या मुळांची टोपलीसारखी वीण झालेली. कवी कुदळ घेतो, मुळे उपसतो, माती वाहून जाऊ नये म्हणून वाफ्यांना फळ्या लावतो, शेण घालतो, आणि कोवळे बी उखडू नये म्हणून ओंजळीतून थेंबथेंब पाणी सोडतो. बागेचा एक भाग वळचणीखाली येत असल्याने पावसास मुकतो, दुसरा भाग भिंतीच्या सावलीत उन्हास मुकतो, हेही तो लपवीत नाही. हे ज्ञान केवळ ग्रंथांतून आणि ऐकीव गोष्टींतून मिळालेले नाही, हाताच्या कामातून मिळाले आहे, असे तो आवर्जून सांगतो.

समीक्षकाच्या दृष्टीने पाहता या काव्यात उणिवा आहेत. मध्यावरचे काही भाग वैद्याच्या टिपणवहीप्रमाणे कोरडे होतात: ही पाने पोटासाठी, तो रस खोकल्यासाठी. पण भोपळ्याचा वेल आधाराला धरून वर कसा चढतो याचे वर्णन वाचताना कवीने तो वेल तासन् तास पाहिला आहे याविषयी शंका उरत नाही. आणि शेवटी जेव्हा लिली व गुलाब येतात, एक श्रद्धेच्या शुभ्रतेचे, दुसरे रक्तसाक्षींच्या रक्ताचे प्रतीक म्हणून, तेव्हा ती प्रतीके पोकळ वाटत नाहीत. ज्याने आधी तण उपटले आहे त्यास फुलाविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो. आपल्या भक्तिपर लेखनात 'श्रद्धेची बाग', 'सद्गुणांची फुले', 'प्रेमाचा सुगंध' असे शब्द पानोपानी येतात. त्यांत दोष शब्दांचा नाही; त्या बागांत माती नसते, हा दोष आहे. शेण, तण आणि करपलेली रोपे यांचा ज्या लेखनास स्पर्श नाही, त्यातील फुले कागदाचीच असणार.

काव्याच्या शेवटी कवी हे पुस्तक सेंट गालचे मठाधिपती ग्रिमाल्ड यांस अर्पण करतो. तेथे तो एक चित्र कल्पितो: ग्रिमाल्ड आपल्या बागेत झाडाच्या सावलीत हे काव्य वाचीत बसले आहेत आणि त्यांच्या शाळेतील मुले भोवती पीच फळे गोळा करीत आहेत, फळे इतकी मोठी की मुलांच्या मुठीत मावत नाहीत. बाग, ग्रंथ आणि शाळा ही तिन्ही एकाच सावलीत आली आहेत. या चित्राकडे आम्ही पुढे वळू.

चित्रकलेत हीच कसोटी लावून पाहू. फ्लॉरेन्स शहरातील सान मार्को हा डोमिनिकन मठ. पंधराव्या शतकाच्या मध्यास तेथील खोल्यांच्या भिंतींवर त्याच संघाचे व्रतस्थ चित्रकार फ्रा अँजेलिको यांनी चित्रे काढली. ती राजदरबारासाठी नव्हती. एकेका मठवासीयाने आपल्या खोलीत प्रार्थना करताना पाहावी म्हणून होती. पहिल्या खोलीत पुनरुत्थित प्रभू आणि मरिया माग्दालिया यांच्या भेटीचा प्रसंग आहे. चारही शुभवर्तमानांत कबरीची कथा आहे, पण ती कबर बागेत होती हे फक्त योहान सांगतो, आणि मरियेस प्रभू माळी वाटला हेही त्यानेच नोंदविले आहे. चित्रकाराने ते अक्षरशः घेतले आहे. मागे लाकडी पट्ट्यांचे कुंपण, झाडे, कबरीचे उघडे दार, गुडघे टेकलेली मरिया, आणि प्रभूच्या खांद्यावर कुदळ.

ही कुदळ म्हणजे केवळ वेषांतराची खूण आहे काय? संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस या प्रसंगावर प्रवचन करताना म्हटले होते की मरियेची ती चूक पूर्णपणे चूक नव्हती; तिच्या हृदयात सद्गुणांचे बी पेरणारा तो माळीच होता. फ्रा अँजेलिको यांनी हा विचार रंगांत उतरविला. गवतात विखुरलेली लहान लाल फुले आणि प्रभूच्या हातापायांवरील जखमा एकाच लाल रंगाच्या एकाच तऱ्हेच्या ठिपक्यांनी काढल्या आहेत, हे फ्रेंच कलासमीक्षक जॉर्ज दिदी-ह्युबेरमान यांनी दाखवून दिले. जणू त्या जखमाच जमिनीत पेरल्या गेल्या आणि उगवल्या. या चित्रात माळ्याचे श्रम, त्याचे दुःख आणि त्याचे पीक एकच झाले आहे.

दोनशे वर्षांनी, १६३८ साली, हॉलंडच्या रेम्ब्रांट यांनी हाच प्रसंग रंगविला. पहाट नुकतीच होत आहे. प्रभूच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, हाती फावडे, कमरेला माळ्याचा सुरा. कोणत्याही गावात सकाळी भेटावा असा हा माणूस. चित्राची भाषा बदलली, पण अवजार राहिले. आपल्या घरांत टांगलेल्या कॅलेंडरांतील पुनरुत्थानाच्या चित्रांकडे या दृष्टीने पाहावे. तेथे प्रकाश भरपूर असतो, ढग असतात, क्वचित फुलेही असतात. फावडे मात्र बहुधा गळालेले असते. फावड्याबरोबर मरियेचा गोंधळही जातो, आणि मग ती भेट आपली राहत नाही.

उलट बाजूचे उदाहरण व्हर्सायचे. चौदाव्या लुईच्या आज्ञेने आंद्रे ल नोत्र यांनी १६६१पासून ही उद्याने उभारली. रेषांची भव्यता, दृष्टी क्षितिजापर्यंत नेणारी आखणी, झाडे आणि पाणी यांचा मेळ यांत ल नोत्र यांस तोड नव्हती, आणि ते स्वतः माळ्यांच्या घराण्यातलेच होते. पण तेथे पाणी पुरत नसे. सेन नदीचे पाणी वर चढविण्यासाठी १६८४ साली मार्ली येथे प्रचंड यंत्र बसविले, तरी सर्व कारंजी एकाच वेळी पूर्ण जोमाने उडत नसत. म्हणून राजाची फेरी जवळ आली की शीळ घालून इशारा द्यावयाचा, समोरचे कारंजे सोडावयाचे, आणि राजा पुढे गेला की बंद करावयाचे. कलेच्या दृष्टीने व्हर्साय थोर आहे. आम्ही ते नाकारीत नाही. पण त्या बागेतील माळ्याने दिसू नये, फक्त शीळ ऐकून चावी फिरवावी, अशी तिची रचना आहे. पाहणारा एकच, आणि सारे त्याच्या डोळ्यांसाठी. सायरसची शपथ येथे कोणी घेणार नाही.

आता शाळेकडे वळू. इटलीतील पादुआ विद्यापीठाने १५४५ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी औषधी वनस्पतींची बाग लावली. ती आजही त्याच जागी आहे. ग्रंथात नाव वाचावे आणि वाफ्यात पान हाती घ्यावे, हा तिचा हेतू. त्यानंतर अठरा वर्षांनी, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्याची स्वतःची बाग होती, आणि तो इकडील वैद्यांना विचारून, झाडे पाहून लिहीत असे. त्याच्या पाठीमागे, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली, कारण तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असा ठपका होता. ख्रिस्ती लेखणीने हे सांगताना मान खाली घालावी. ज्याने या भूमीच्या पानाफुलांचे गुण जगास सांगितले, त्यास या भूमीत विसावाही मिळाला नाही.

लहान मुलांसाठी हा विचार जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी केला. १८४० साली त्यांनी आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुले ही फुले आणि शिक्षक हा माळी, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. फ्रोबेल यांच्या योजनेत खरी बाग होती: मध्ये प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, भोवती सर्वांचे सामाईक वाफे. आपले रोप आपण जपावे आणि सर्वांच्या रोपांच्या कुशीत जपावे, असा धडा त्या आखणीतच होता. आज गावोगावच्या बालवर्गांच्या पाट्यांवर 'किंडरगार्टन' लिहिलेले असते आणि आवारात एक वाफाही नसतो.

आपल्या मराठीने मात्र या कल्पनेस फार सुंदर नावे दिली: 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी'. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली वसईच्या उत्तरेस बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा मार्ग. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. १९७५ साली सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द घेतला. त्या शब्दातील 'वाडी' आपल्या परसातली आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

आणि माळी हा आपल्यास परका नाही. अरणचे संत सावता माळी हे संत ज्ञानेश्वरांच्या काळातले. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. मळ्यातील भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. ते पंढरीस गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. बागेत देव भेटतो आणि तो कामाच्या वेळी भेटतो, ही अनुभूती मरिया माग्दालियेच्या पहाटेपासून फार दूरची नाही. दोन्ही परंपरांचा आदर राखूनच आम्ही हे म्हणतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठीची थोरवी सांगताना फुलांतील मोगऱ्याची उपमा दिली. इंग्लंडात जन्मलेल्या त्या धर्मगुरूस मोगरा ग्रंथातून कळलेला नसणार. साष्टीच्या अंगणांत चाळीस वर्षे वावरताना तो त्यांच्या श्वासात आला असणार.

आता वसईच्या वाडीविषयी. केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा, जाई. विहिरीवरचा रहाट, पाटाचे पाणी, उन्हात वाळणारी सुकेळी आणि भल्या पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारास जाणाऱ्या फुलांच्या टोपल्या. ही बाग कोणत्याही कलाग्रंथात नोंदलेली नाही. तरी आमच्या कसोटीस ती व्हर्सायपेक्षा अधिक उतरते, कारण तिच्या प्रत्येक वाफ्यात माळी दिसतो, आणि तिने लग्ने लावली, मुले शिकविली, मंदिरे बांधली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही हिरवी जमीन बांधकामास खुली होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. फादर २०२४ साली आपल्यातून गेले. लढ्याने काही वाचविले, पुष्कळ गेले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ज्यांनी रहाटामागे फेऱ्या घातल्या, ज्यांच्या माउल्यांनी डोक्यावर टोपल्या वाहिल्या, त्यांना वाडीचे काव्य ऐकविणे सोपे आहे. विहिरी खारावल्या, मजूर मिळेनात, भाव पडले. मुलांनी नोकऱ्या धरल्या. धर्मगुरूने पुस्तकातून बागेची महती गावी आणि भावाभावांच्या वाटण्या मात्र वकिलाकडे व्हाव्यात, यात काय अर्थ? आम्ही कोणास दोष देत नाही. वाडी विकणाऱ्या बापाच्या डोळ्यांतले पाणी आम्ही पाहिले आहे. पण वाडी गेली तरी माळीपण राखता येते, हे आमचे म्हणणे आहे. जमीन गुंठ्यांत मोजली जाते, माळीपणास एक वाफाही पुरतो.

आणि या बाबतीत सर्वाधिक विचार आम्हां धर्मगुरूंनी करावयास हवा. मंदिरांची अंगणे आपण सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढविली, चिखल नको म्हणून. मरियामातेच्या गुंफेपुढे प्लॅस्टिकची फुले ठेवली, सुकत नाहीत म्हणून. न सुकणारे फूल ही सोय असेल, अर्पण मात्र नव्हे. अर्पणात काहीतरी सरावे लागते. मोगऱ्याच्या कळीने सकाळी वेदीवर यावे आणि रात्री माना टाकाव्यात, यातच तिची प्रार्थना पूर्ण होते. आपल्या अंगणांची रचना व्हर्सायच्या वाटेने चालली आहे: सणाच्या दिवशी पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी, आणि एरवी शीळ वाजेपर्यंत बंद.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी मठाच्या माळ्यास सांगितले होते की सारी जमीन भाजीसाठी खणू नकोस. काही भाग रानफुलांसाठी मोकळा ठेव, म्हणजे पाहणारा निर्मात्याकडे वळेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लौदातो सी' या परिपत्रकात या प्रसंगाची आठवण दिली. कुदळ कोठे थांबवावी हे कुदळ चालविणाऱ्यासच कळते. ज्याने कधी खणलेच नाही, तो एक तर सारे मोकळे सोडील, नाही तर सारे फरशीखाली घालील.

म्हणून आमची सूचना लहान आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने अंगणातील चार हात फरशी उचलावी. तेथे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना फ्रोबेल यांच्या रीतीने वाफे आखून द्यावेत: एकेकाचा स्वतःचा, भोवती सर्वांचा. ज्या आजोबांना पानवेल बांधता येते आणि ज्या आजीबाईंना मोगऱ्याची छाटणी कळते, त्यांस गुरू नेमावे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर कबरीत जाऊ देऊ नये. रविवारी वेदीवर त्या वाफ्यातील फुले यावीत, मग ती दोनच का असेनात. काही रोपे मरतील. मुले विचारतील, का मेली. त्या प्रश्नापासून पुनरुत्थानाचा धडा सुरू करावा, आणि मरिया माग्दालियेने प्रभूस माळी का समजले, हे त्या मुलांस हात मातीत असतानाच सांगावे.